कॉर्नवॉल या नावातले शिंग

प्रश्न : इंग्लंडमधल्या 'कॉर्नवॉल' परगण्याच्या नावाचा मक्याशी किंवा भिंतीशी काही संबंध आहे का?

उत्तर : दोन्हींशी नाही. नकाशा काढून बघा. इंग्लंडचे नैर्ऋत्य टोक निमुळते होत थेट अटलांटिकमध्ये घुसले आहे, अगदी शिंगासारखे. तिथल्या जुन्या केल्टिक भाषेत शिंगाला 'कॉर्न' म्हणत. त्या टोकावर राहणारे ते 'कॉर्नोवी', अशी व्युत्पत्ती बहुतेक अभ्यासक मानतात. कॉर्निश भाषेत या प्रदेशाचे नाव आजही 'केर्नो' आहे.

हा 'कॉर्न' आपल्या घरातलाच आहे. लॅटिन 'कॉर्नू', इंग्रजी 'हॉर्न' आणि संस्कृत 'शृंग' एकाच मुळाचे. शृंगाचे प्राकृतात सिंग झाले आणि मराठीत शिंग. तळपायाला कुरूप झाले की औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणतो ना? त्यातला 'कॉर्न' या लॅटिन शिंगातूनच आला, कारण तिथली कातडी शिंगासारखी टणक होते. मक्याचा कॉर्न मात्र वेगळा, तो 'ग्रेन'चा भाऊ.

आता 'वॉल'. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे बाहेरून येऊन वसलेले इंग्रजांचे पूर्वज, ब्रिटनमधल्या मूळच्या केल्टिक रहिवाशांना 'वेआल्ह' म्हणत, म्हणजे परका. 'वेल्स' हे नाव त्यातूनच आले. 'वॉलनट' म्हणजे अक्रोड, तोही याच अर्थाने परमुलखातला. तेव्हा कॉर्नवॉल म्हणजे 'शिंगावरचे परके'. मला हे फार लागते. आधीपासून राहणारे आपल्याच भूमीत परके ठरले, आणि मागून आलेल्यांनी दिलेले नाव जगभर रूढ झाले. वेल्सचे लोक स्वतःला 'कम्री' म्हणवतात, त्याचा मूळ अर्थ 'एका मुलखातले' असा आहे.

प्रश्न : मग 'कॉर्निश' ही इंग्रजीची बोली म्हणायची का?

उत्तर : नाही, आणि मराठीत लिहिताना ही चूक जरूर टाळावी. कॉर्निश ही स्वतंत्र केल्टिक भाषा आहे. वेल्श तिची नातलग, पण फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली ब्रेटन त्याहून जवळची. त्या ब्रिटनीतही 'कॉर्नुआय' नावाचा भाग आहे. १७७७ साली वारलेली माउझल गावची मासे विकणारी डॉली पेंट्रीथ ही कॉर्निशची शेवटची जन्मजात भाषक, असे परंपरेने सांगतात. विसाव्या शतकात लोकांनी ही भाषा पुन्हा शिकायला घेतली. २०१४ मध्ये ब्रिटिश सरकारने कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. त्यामुळे तिथल्या माणसाला सरसकट 'इंग्लिश' न म्हणता 'कॉर्निश' म्हणावे.