यकृताच्या दुखापतीनंतर काही आठवड्यांनी काळे शौच: थांबावे का?

प्रश्न (जुळे सोलापूर)
गेल्या महिन्यात अक्कलकोट रस्त्यावर धाकट्या भावाचा मोटारसायकलवरून अपघात झाला. यकृताला चौथ्या श्रेणीची, म्हणजे गंभीर, इजा होती. रक्तदाब स्थिर राहिल्याने शस्त्रक्रिया न करता उपचार झाले आणि तो घरी आला. परवापासून उजव्या बरगडीखाली कळ येते व थांबते, डोळे पिवळसर दिसतात आणि आज शौचाला डांबरासारखे काळे झाले. एका दवाखान्यात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या आहेत. सोमवारपर्यंत थांबावे का?

उत्तर (शल्यचिकित्सक)
थांबू नका, आजच न्या. पोटात कळ, कावीळ आणि पचनमार्गातून रक्तस्राव (काळे शौच हे त्याचेच चिन्ह) ही तिन्ही लक्षणे एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात. आपल्या भावाला तिन्ही आहेत. दुखापतीत यकृताच्या धमनीची भिंत फाटली, की तिथे रक्ताचा फुगा, म्हणजे स्यूडोअ‍ॅन्युरिझम, तयार होऊ शकतो. तो काही दिवसांनी वा आठवड्यांनी पित्तनलिकेत फुटला, तर रक्त आतड्यात उतरते. गुठळी नलिकेत अडकली की कळ येते, ती सरकली की आराम पडतो, आणि घरच्यांना वाटते की उतार पडला. हा आराम फसवा असतो. एन्डोस्कोपीत काही दिसले नाही, तरी हे निदान बाद होत नाही.

उत्तर (रेडिओलॉजिस्ट)
सीटी अँजिओग्राफीच, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅनच, करून घ्या, कारण धमनी-टप्प्याच्या (शिरेतून दिलेले औषध धमन्यांत असतानाच्या) प्रतिमा नसतील तर लहान फुगा निसटू शकतो. अपघाताच्या वेळची सीडी सोबत ठेवा. फुगा आढळल्यास मांडीच्या धमनीतून बारीक कॅथेटर यकृतापर्यंत नेऊन, शक्यतो फुग्याच्या अलीकडे आणि पलीकडे अशा दोन्ही बाजूंना कॉइल (धमनी बंद करणारी बारीक तारेची वेटोळी) बसवतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. फक्त अलीकडे बंद केले, तर पलीकडच्या बाजूने फुग्यात रक्त येत राहते. यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल शिरेतून (आतड्यांकडून यकृतात येणाऱ्या शिरेतून) मिळते, म्हणून धमनी बंद करण्यापूर्वी ती मोकळी असल्याची खात्री करतात. नंतर काही दिवस ताप येऊ शकतो. तो टिकला तर यकृतात गळू झाले आहे का, तसेच पित्ताशयाला इजा पोचली आहे का, हे पाहावे लागते.

प्रश्नकर्ता
आम्ही निघतो आहोत. थेट पुण्याला न्यावे का?

उत्तर (शल्यचिकित्सक)
अडीचशे किलोमीटरच्या वाटेत रक्तस्राव पुन्हा उसळू शकतो. आधी सोलापुरातच, जिथे सीटी आणि रक्तपेढी दोन्ही आहेत अशा रुग्णालयात दाखल करा. एम्बोलायझेशनची सोय तिथे नसेल, तर रक्त देऊन, रक्तदाब सावरल्यावर, डॉक्टर सोबत असलेल्या रुग्णवाहिकेतूनच हलवा. तोवर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका आणि त्याला उपाशी ठेवा.