मदत हवी आहे: म्हापशात मोटारसायकल पायलट असलेल्या भावासाठी संध्याकाळी भेटणारा समुपदेशक

माझा मोठा भाऊ गोव्यात म्हापशाच्या स्टँडवर पायलट आहे, म्हणजे मोटारसायकलवर मागे प्रवासी बसवून भाडी मारतो, वय ४६. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल, बॅज, परमिट सगळं त्याच्याच नावावर. पूर्वी शुक्रवारच्या बाजाराला त्याला जेवायलाही उसंत नसायची. आता घरोघरी स्कूटर, पर्यटक भाड्याची दुचाकी घेतात. दिवसभर उन्हात नंबरची वाट पाहून तीन-चार भाडी मिळतात. मोटारसायकलचा हप्ता मात्र थांबत नाही.

दोन महिन्यांपासून तो रात्री दोनला उठून बाल्कनीत बसतो. छातीत धडधड, हात थरथरतात. परवा ब्रेक दाबायला क्षणभर उशीर झाला, तेव्हापासून मागे माणूस बसवायचीच त्याला धास्ती वाटते. हे ऐकून माझं काळीज हललं.

ईसीजी, साखर, थायरॉईड सगळं नॉर्मल आलं. दारू नाही. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, पण सकाळी डोळे जड राहतात म्हणून त्यानं ती बंद केली. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर एकदा बोलला, बरं वाटलं. पण त्याला समोर बसून बोलायचंय. बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयात जायला तयार आहे, फक्त सकाळची भाडी बुडतात म्हणून टाळतो. खाजगी फी सध्या झेपणार नाही.

म्हापसा किंवा पर्वरीच्या आसपास संध्याकाळी, कमी खर्चात, कोंकणी-मराठीत बोलणारे समुपदेशक कुणाला माहीत आहेत का? आणि गाडी चालवणाऱ्याला गुंगी न आणणारे उपचार हवेत, हे डॉक्टरांना नेमकं कसं सांगावं?