प्रतिसाद: तीन आठवड्यांत ऑफरोड ट्रायथलॉन?

तीन आठवड्यांच्या सरावावर ऑफरोड ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, मग कच्च्या वाटेनं सायकल आणि पळणं असं सलग, जमेल का विचारतोस? जमतं भावा, फक्त नंतर दोन दिवस जिना उलटा उतरावा लागतो. मी तेवढ्याच सरावावर १.५ किमी पोहणं, ३० किमी माउंटन बाईक आणि १० किमी डोंगरवाटेनं पळणं केलंय. पंचगंगेत डुंबत वाढल्यामुळं पाण्याचं काही वाटलं नाही. सायकलनं मात्र घाम काढला. चाकात रस्त्यासारखी टाईट हवा, त्यामुळं प्रत्येक दगडावर उडत होतो. शेवटी थांबून हवा कमी केली, तेव्हा कुठं पकड आली. उतरून पळायला लागलो तर मांड्या लाकडासारख्या! आता मसाई पठारावर सायकल मारून लगेच दोन किलोमीटर पळत जा. पोहणं राहिलं तरी चालेल, हे सोडू नको.