मदत हवी आहे: क्रूझच्या आदल्या रात्री फोर्टमध्ये स्वस्त, पण लिफ्ट असलेलं हॉटेल

नमस्कार मंडळी. आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं झाली म्हणून त्यांना मुंबई-गोवा क्रूझवर नेतोय. आम्ही कोल्हापूरचे. बोट फोर्टजवळच्या बॅलार्ड पिअर बंदरातून दुपारी सुटते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने त्याच दिवशी सकाळी सीएसएमटीला उतरता येईल, पण मागे एकदा आमची गाडी चार तास रखडली होती, आणि बोट काही कुणासाठी थांबत नाही. म्हणून आदल्या दिवशी कोयना एक्स्प्रेसने येऊन रात्री मुक्काम करायचं ठरवलंय.

तिघांसाठी एक खोली, 3000 रुपयांपर्यंत. अडचण जिन्याची आहे. फोर्टातल्या जुन्या इमारतींत हॉटेल तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, जिना लाकडी आणि उभा, लिफ्ट असली तरी जाळीच्या दाराची, दोन माणसांत भरणारी. आईचे गुडघे दुखतात, शिवाय तीन मोठ्या बॅगा. फोटोत खोली छान दिसते, जिना कुणी दाखवत नाही.

दादरला राहावं का? पण सकाळच्या गर्दीत तिथून टॅक्सीने बंदर गाठायचं म्हणजे जीव टांगणीला. सीएसएमटी स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमचाही विचार केला, पीएनआरवर बुकिंग होतं म्हणे. ज्येष्ठांना घेऊन तिथे राहिलंय का कुणी? स्वच्छतागृह कसं आहे?

आणखी एक, चेकआउटनंतर बॅगा दोन-तीन तास ठेवून घेणारं हॉटेल माहीत असेल तर नाव नक्की सांगा. स्वतः राहिलेल्यांचा अनुभव हवाय.