प्रतिसाद: पत्ता नसलेल्या मेसेजचं काय?
माहिती खरी की खोटी हे ओळखायला मुलांना वेबसाइटचा पत्ता बघायला शिकवा, असं एका लेखात म्हटलंय; ते पटतं. पण आमच्या यवतमाळकडच्या पोरांपर्यंत माहिती पत्त्यासकट येतच नाही. ती व्हॉट्सॲपवर फोटो होऊन येते: ‘कपाशीच्या बोंडअळीवर ही तीन औषधं एकत्र मारा.’ कोणी लिहिलं, कधी, काही नाही.

२०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले. म्हणून मी वर्गात असलेच मेसेज घेते. मुलं औषधाच्या लेबलचा फोटो आणतात (डबा आणायचा नाही, हे बजावूनच). पीक कोणतं, कीड कोणती, मात्रा किती, औषध किती विषारी ते दाखवणारा त्रिकोण लाल की पिवळा? मग अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारस शोधून ताडून बघायची. मेसेजमधलं मिश्रण लेबलवर आणि शिफारशीत, दोन्हीकडे सापडलं नाही, तर फवारणीआधी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा, असं घरी सांगायचं. आठवीतली पोरं हे नीट करतात.