मदत हवी आहे : 'ड्यूड' म्हणजे नक्की काय? नाना चिडलेत

आमचं पोरगं अकरावीत आहे. आईला ड्यूड, रिक्षावाल्याला ड्यूड, परवा आजोबांनाही ड्यूड म्हणालं. नानांनी हसण्यावारी नेलं असतं, पण पेन्शनरांच्या ग्रुपवर नेमका मेसेज आला : ड्यूड म्हणजे हत्तीच्या ढुंगणावरचा केस! नाना तरुणपणी तालमीत घुमलेले. काल रंकाळ्यावर फिरताना मला म्हणाले, "इचार तुझ्या पोराला, मी काय क्यास हाय व्हय?" दोन दिवस नातवाशी अबोला.

हत्तीचं खरं आहे का? जाणकारांनी सांगा, तांबडा रस्सासुद्धा गोड लागंना झालाय.

प्रतिसाद :
हत्ती ही शुद्ध थाप आहे, नानांना निर्धास्त करा. हा शब्द १८८३ साली न्यूयॉर्कमध्ये एकदम गाजला. तिथली श्रीमंत पोरं इंग्रजांची नक्कल करत घट्ट विजारी घालून, छडी फिरवत हिंडायची. त्यांची टर उडवायला हा शब्द. 'यँकी डूडल' या जुन्या गाण्यातल्या डूडलवरून, म्हणजे बावळटावरून, तो आला असावा असं अभ्यासक मानतात. त्या गाण्यातला गडीही टोपीत पीस खोचून स्वतःला फॅशनेबल समजतो.

पुढं पश्चिमेकडचे गुराखी शहरातून आलेल्या नवख्या पाहुण्यांना ड्यूड म्हणू लागले. असल्या पाहुण्यांना पैसे घेऊन घोड्यावर बसवणारी कुरणं निघाली, ती 'ड्यूड रँच'. नंतर झकपक सूट घालणारी मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय अमेरिकन पोरं एकमेकांना तीच हाक मारायला लागली आणि टिंगल गेली, दोस्ती राहिली. १९६० नंतर कॅलिफोर्नियात लाटांवर फळ्या घेऊन खेळणाऱ्यांनी तो उचलला, मग सगळ्यांनीच.

आता त्याचं आपल्या 'भावा'सारखं झालंय. गंगावेशीत दुधाचा पेला हातात देणाराही भावा आणि सिग्नलला गाडी आडवी घालणाराही भावाच. सूर बघायचा. पण आजोबांना? तेवढं पोराला समजवा.

मूळ धागाकर्ता :
लई उपकार झाले भावा. सगळं नानांना वाचून दाखवलं. हत्तीचं पटलं. पण घट्ट विजारीपाशी थांबवून म्हणाले, "म्हंजे नटवा म्हटलं व्हय मला?" आता पुढचं कुणीतरी सांगा.