कमी टक्के आणि एमपीएचचा प्रवेश : अनुभव

पदवीला टक्के पन्नाशीच्या घरात असताना सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला (एमपीएच) प्रवेश मिळतो का, हा प्रश्न निकालाच्या दिवसांत हमखास येतो. ज्यांना प्रवेश मिळाला आणि ज्यांना नाकारला गेला, त्या दोघांनीही लिहावे. टक्के लपवू नयेत, एवढीच विनंती.

दंतवैद्य, मुलुंड

बीडीएसच्या तिसऱ्या वर्षी मी एका विषयात नापास झाले, सहा महिने मागे पडले आणि अखेरीस ५४ टक्क्यांवर पदवी हाती आली. पुढे गोवंडीतील एका लहान दवाखान्यात बसत असताना तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणी शिबिरांचे काम माझ्याकडे आले. छापील फॉर्मवर ‘तंबाखू खाता का?’ असा प्रश्न होता आणि बहुतेक बायका ‘नाही’ म्हणत. त्यांच्या हिरड्या मात्र वेगळेच सांगत. एका आजींनी सहज खुलासा केला, ‘खात न्हाई बाई, दात घासते.’ मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दिवसातून दोन-तीनदा दातांना लावणे ही त्यांच्या लेखी स्वच्छता होती, व्यसन नव्हे. आम्ही ‘दात कशाने घासता?’ असे विचारू लागलो आणि आमच्या नोंदींचे चित्रच पालटले. देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये अर्ज केला तेव्हा टिसनेट ही संस्थेची स्वतःची परीक्षा होती. आता तिथे सीयूईटी-पीजी या देशपातळीवरील सामाईक प्रवेशपरीक्षेतून जावे लागते. मुलाखतीत तिसऱ्या वर्षाबद्दल विचारणा झालीच. ‘अभ्यास कमी पडला’ एवढेच मी सांगितले आणि उरलेला सगळा वेळ मिश्रीवर गेला. आजारपणाची किंवा घरच्या अडचणींची कहाणी रचण्याचा मोह झाला होता, हेही कबूल करते.

सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर, डोंबिवली

माझे ४८.६ टक्के होते. क्षयरोगाच्या एका प्रकल्पात दोन वर्षे घरोघरी फिरल्याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे सवलत मिळेल, असे मी गृहीत धरले होते. ज्या विद्यापीठात अर्ज केला तिथे खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्क्यांची अट होती आणि शुल्क भरून झाल्यावर छाननीतच नाव कटले. अनुभव मोजला जातो तो पात्रतेचा उंबरठा ओलांडल्यावर. माहितीपुस्तिका आधी नीट वाचली असती, तर निदान पैसे वाचले असते.

निवृत्त प्राध्यापक, रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, परळ

डोंबिवलीच्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. त्यात थोडी भर घालतो. अर्ज वाचताना मी एकूण टक्क्यांपेक्षा संख्याशास्त्राचे गुण आधी पाहत असे, कारण एमपीएचला जीवसंख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्र हे दोन विषय कोणालाच चुकत नाहीत आणि विद्यार्थी बहुधा तिथेच अडखळतात. मुलाखतीत माझा प्रश्न ठरलेला असे : ‘वस्तीत क्षयाचे ४० रुग्ण आहेत, हे जास्त की कमी?’ पुष्कळ हुशार मुले लगेच उत्तर देत. जो उलट विचारी की वस्तीची लोकसंख्या किती, हे रुग्ण नवे की जुने धरून आणि किती काळातले, त्याची गुणपत्रिका मी पुन्हा उघडून पाहिली नाही. रोगाच्या आकड्याला छेद, म्हणजे किती लोकांमागे हा हिशेब, नसेल तर तो आकडा निरुपयोगी, हे ज्याला आपोआप सुचते त्याला बाकीचे शिकवता येते.

फिजिओथेरपिस्ट, दादर

मी अमेरिकेतील विद्यापीठांसाठी सोफास या सामाईक अर्जप्रणालीतून अर्ज केले. परदेशी गुणपत्रिकांचे (त्यांच्या लेखी माझीही परदेशीच) डब्ल्यूईएस या गुणपत्रिका पडताळणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यावे लागले, त्यामुळे नापास झालेला विषय झाकण्याचा प्रश्नच उरला नाही. हेतुपत्राच्या पहिल्या मसुद्यात त्या एका विषयावर मी पाऊण पान खर्च केले होते. माझ्या वरिष्ठ सहकारी ताईंनी ते तीन वाक्यांवर आणले आणि मोकळ्या झालेल्या जागेत, पक्षाघातानंतर चाळीतल्या रुग्णांचे उपचार जिन्यामुळे कसे तुटतात, हे लिहायला लावले. शिफारसपत्रही मी नावाजलेल्या विभागप्रमुखांऐवजी त्यांचेच घेतले, कारण रुग्णाच्या घरापर्यंत माझ्यासोबत जिने चढल्या होत्या त्या. पाच ठिकाणी अर्ज केले, तिघांनी नकार कळवला, एका ठिकाणी प्रतीक्षायादीत राहिले आणि पाचव्या ठिकाणी, शिष्यवृत्तीशिवाय, प्रवेश मिळाला. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.